हरलेल्या गिऱ्हाइकाचं कमिशन

माझ्या मोबाइलवर हल्ली एक जाहिरात सारखी येते. तुमच्या मित्राला जोडा, तो खेळला की कमिशन तुम्हाला. वर एक रंगीत चाक फिरत असतं. हा डोकेबाजपणा नव्या पोरांचा आहे असं लोकांना वाटतं. तसं काही नाही. हाच धडा मी काठमांडूच्या एका मोठ्या हॉटेलात, मऊ खुर्चीवर बसून, चहासोबत खारे काजू खात ऐकून आलो आहे. तेव्हा परभणीत ट्रंककॉल लावायचा तर माणसाचा अर्धा दिवस पोस्टात मोडायचा.

मी लॉटरीची तिकिटं विकायचो. शिक्षण चौथी. दिवाळी अंकवाले म्हणाले, धंद्याबद्दल लिहा. धंद्याबद्दल लिहायचं तर धुरपतेबद्दल लिहावं लागतं. धुरपता माझी बायको. या वैशाखात ती गेली. घरात आता मधे बोलायला कोणी नाही, त्यामुळे लिहिणं सोपं झालं आहे.

लॉटरीचा धंदा बाहेरून सोपा दिसतो. घाऊकवाल्याकडून गड्ड्या उचलायच्या, टपरीच्या दोरीला चिमट्यानं तिकिटं लावायची आणि सोडतीच्या आधी संपवायची. सोडत झाली की उरलेलं तिकीट म्हणजे पुडी बांधायचा कागद, आणि त्याचा खर्च आपल्या डोक्यावर. विकलेल्या तिकिटाच्या मागं आपला शिक्का मारायचा. तो कशाला, तर मोठं बक्षीस लागलं की विकणाऱ्यालाही वेगळा बोनस मिळायचा. ही गोष्ट वाचणाऱ्यानं ध्यानात ठेवावी. माझं गिऱ्हाईक जिंकलं तर माझा फायदा होता.

आधी मी चुडाव्याला राहून पूर्णा-परभणी गाडीत विकायचो. मग परभणी स्टेशनाबाहेर टपरी टाकली. गिऱ्हाइकं एकेक नमुना. एक जण मयतीला जाऊन आला की मेलेल्याच्या वयाचा आकडा शेवटी असलेलं तिकीट मागायचा. तो दिसला की आम्ही आधी विचारायचो, कोण गेलं. कृषी विद्यापीठातला एक कारकून होता, त्याला समोरून कोणी शिंकलं की त्या दिवशीचं तिकीट चालायचं नाही. हिवाळ्यात तो आठवडा आठवडा नुसता येऊन परत जायचा.

धुरपता दुपारी डबा घेऊन यायची. एकदा मी हात धुवायला गेलो आणि तिनं एका हमालाला गड्डीतलं तिकीट फाडून दिलं. त्याला चांगलं बक्षीस लागलं. झालं. तेव्हापासून लोक मला विचारायचे, बाई कधी येणार? तिकीट बाईच्या हातचं पाहिजे. तिनंही नियम करून टाकला. एका सोडतीला एका माणसाला एकच तिकीट तिच्या हातानं. दुसरं पाहिजे असलं तर माझ्याकडून घ्या. माझ्या हातचं म्हणजे दुय्यम माल.

आम्ही बौद्ध. छप्पन सालीच आमच्या वाडवडलांनी देव गुंडाळून ठेवले. परभणीतल्या आमच्या वस्तीच्या नळावर कोणी परका माणूस पाणी पीत नसे. ज्यांना धुरपतेच्या हातचं पाणी चालत नव्हतं त्यांना तिच्या हातचं तिकीट मात्र पाहिजे असायचं. नामांतराच्या दंगलीत आमची टपरी कोणी तरी उलथी पाडली. कोणी ते मला माहीत आहे. पुढच्या सोडतीला त्यातले दोघे रांगेत उभे होते. धुरपतेनं दोघांनाही तिकीट दिलं. मी तिला म्हणालो, देऊ नको. ती म्हणाली, "लागू द्या की त्यायला. लागलं तर बोनस आपल्यालाच हाय."

या रांगेतलं नेहमीचं गिऱ्हाईक म्हणजे माणिकराव गुत्तेदार. पोखर्णीकडचा जमीनवाला मराठा माणूस. सरकारी पुलांची, नाल्यांची गुत्ती, म्हणजे कंत्राटं, घ्यायचा. त्याच्या कामावर आमच्या वस्तीतली बरीच माणसं होती. मनानं वाईट नव्हता. टपरीवर उभा राहून माझ्याशी नामांतरावर वाद घालायचा. "लिंबाजी, नाव बदलून काय व्हतंय रं?" मी म्हणायचो, काही होत नाही तर बदलू द्या की. मग तो हसायचा आणि धुरपतेपुढं हात करायचा. "बाई, द्या एक."

एकदा आमच्या टपरीवरून गेलेल्या तिकिटाला पहिलं बक्षीस लागलं. पूर्वेकडच्या एका राज्याची लॉटरी होती. थोड्या दिवसांनी घाऊकवाल्यांचे हैदराबादचे मुनीम हबीबभाई स्वतः टपरीवर आले. म्हणाले, काठमांडूला तिकीटवाल्यांचं मोठं संमेलन आहे, साऱ्या हिंदुस्थानातून चांगले विक्रेते येणार, तिथल्या जुगारघराचे मालक खर्च करणार. बायकोला आणा, आणि एखादं शौकीन गिऱ्हाईकही आणा. गिऱ्हाइकाचा हट्ट कशाला हे मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, मोठ्या मनाचे लोक आहेत.

गुत्तेदार एका पायावर तयार झाला. धुरपतेनं एकच विचारलं.

"नेपाळ म्हंजे लुंबिनी हाय तेच का?"

हबीबभाई म्हणाले, हौ भाबी, वोइच. बुद्ध जिथं जन्मला ते गाव. झालं, तिनं प्रवासाचा, फिरकीच्या झाकणाचा तांब्या घासायला काढला.

परभणीहून मनमाड, तिथून गाड्या बदलत गोरखपूर, पुढं बसनं सीमा. चैत्राचे दिवस. परदेश म्हणजे काही तरी मोठं असणार असं आम्हाला वाटत होतं. होतं काय, तर एक कमान, एक आडवा बांबू, आणि सायकलीवर कांद्याची पोती घेऊन ये-जा करणारे लोक. धुरपता एक पाय अलीकडं, एक पाय पलीकडं ठेवून उभी राहिली. म्हणाली, "मला तर काईच येगळं वाटंना." शिपायानं तिला हाकललं. पुढं रस्त्यात लुंबिनीची पाटी दिसली. पण बस जुगारघराची होती, थांबली नाही. हबीबभाई म्हणाले, वापसी में देखेंगे. ती पाटी मागं जाईपर्यंत धुरपता मान वळवून बघत होती.

संमेलन म्हणजे काय असतं ते मी पहिल्यांदाच बघत होतो. मोठा हॉल, पायाखाली गालिचा इतका मऊ की चप्पल काढावी की नाही हे कळेना. भिंतीवर इंग्रजी फलक. सगळीकडचे तिकीटवाले. कलकत्त्याचा एक जण मासळीबाजारात विकायचा. त्याच्या तिकिटाला मासळीचा वास नसला तर गिऱ्हाईक खोटं तिकीट समजून परत करायचं. त्यानं कोऱ्या तिकिटाची गड्डी मला वास घ्यायला दिली. खरंच होता. मी त्याला मयतीच्या आकड्यांचं सांगितलं तर तो म्हणाला, आमच्याकडेही आहे. भाषा वेगळी, लोकांचं वेड एकच.

स्टेजवर जुगारघराचा गोरा मॅनेजर होता. तो बोलायचा आणि हबीबभाई हिंदीत सांगायचे. टेबलावर शिकवायचं छोटं चाक ठेवलं होतं, त्यात घरं आणि आकडे, आणि एक पांढरी गोळी. ती गोळी कशी उलटी सोडतात, चाक कसं सुलटं फिरवतात, सगळं दाखवलं. मला ते चाक लय आवडलं. मी पुढं जाऊन वाकून बघितलं, खाली चुंबक आहे का. मॅनेजर हसला आणि त्यानं चाकच उचलून उलटं करून दाखवलं. काही नव्हतं. मग कोणी तरी सांगितलं की या बाईचा हात लागतो. त्यानं धुरपतेला गोळी सोडायला लावली. सगळे टाळ्या वाजवायला लागले. ती मला हळूच म्हणाली, "आकडा कुटलाबी येऊ द्या, टाळ्या हायेतच. मंग हात कशाला लागतोय?"

मुद्दा दुसऱ्या दिवशी आला. मॅनेजर म्हणाला, तुम्ही आपल्या गावचे शौकीन लोक आमच्याकडं पाठवा. राहणं-खाणं आमच्याकडं. माणूस इथं जे ठेवून जाईल त्यात तुमचा हिस्सा. तो पुन्हा आला तर पुन्हा हिस्सा. तुम्ही टपरीवरच बसा, पैसा घरी येईल. ज्याला पटलं त्यानं उद्या सही करावी. सही करणाऱ्यांची वापसी विमानानं दिल्लीला, बाकीच्यांनी आपापल्या सोयीनं बसनं जावं.

मी डोळ्यापुढं ऑफिस बघायला लागलो. स्टेशन रोडला माडीवर खोली, दारावर पाटी, आत पंखा. दोरीला चिमटे लावायची गरज नाही. धुरपतेला विमानाचं सांगितलं. तिनं विचारलं, विमान लुंबिनीवरून जातं का? मी म्हणालो, वरून जात असंल. ती म्हणाली, वरून काय दिसतंय. आणि गप्प बसली. ती गप्प बसली की मला उत्तर मिळालेलं असायचं, पण मी ते ऐकत नसायचो.

दुपारी आम्ही तिघं जुगारघरात गेलो. दारात चोपदारासारखा माणूस सलाम करायचा. आत दिवसाही दिवे. लोक गोल टेबलांभोवती उभे, आणि आवाज फक्त गोळीचा. एक पोरगी इतक्या झटक्यात पैशाच्या बदल्यातल्या चकत्या गोळा करायची की आमच्या मोंढ्यातला ज्वारी मापणारा तिच्यापुढं फिका. मी तिच्या हाताकडंच बघत राहिलो. धुरपता बघत होती माणसांकडं. तिनं पाणी घेऊन आलेल्या वेटरला तिच्या हिंदीत विचारलं, तुमच्या गावचे लोक कुठं आहेत? एक बी दिसत न्हाई. तो म्हणाला, अम्मा, आम्हाला इथं खेळायची मनाई आहे. सरकारचा कायदा. खेळतो तो बाहेरचाच. नोकरीला चालतो आम्ही.

तिनं हे मला सांगितलं. मला त्यात काही वाटलं नाही. आम्हाला कुठं कुठं मनाई असते याची सवय होती. पण इथं उलटं होतं, ज्यांचं गाव त्यांनाच मनाई, आणि ते तिच्या डोक्यात फिरत राहिलं.

गुत्तेदारानं चकत्या घेतल्या. पुलाच्या कामाचं बिल उचलून, मजुरांच्या मजुरीसकट सगळी रक्कम सोबत आणली होती हे तेव्हा कळलं. तो धुरपतेला म्हणाला, "बाई, तुमच्या हातानं टाका."

तिनं एक चकती एका आकड्यावर ठेवली. गोळी नेमकी तिथंच येऊन बसली. गुत्तेदार लहान लेकरासारखा उड्या मारायला लागला. पुन्हा टाका म्हणाला. ती म्हणाली, "गुत्तेदार, एका सोडतीला एकच. नियम म्हंजे नियम." आणि आम्ही दोघं स्वयंभूचा स्तूप बघायला निघून गेलो. तिथं स्तूपावर मोठे डोळे रंगवले आहेत. धुरपता कितीतरी वेळ या बाजूनं त्या बाजूनं फिरून बघत होती, डोळे आपल्या मागं येतात का. माकडानं तिच्या हातातली केळी नेली तरी तिचं लक्ष नव्हतं.

परत आलो तर गुत्तेदार हॉटेलच्या पायरीवर बसला होता. मनगटावर घड्याळाखालच्या कातडीचा पांढरा पट्टा उरला होता, घड्याळ नव्हतं. काही विचारायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही न्याहारीला बसलो होतो. गुत्तेदार खोलीतून निघाला नव्हता. हबीबभाई करारनामा आणि पेन घेऊन आले, आणि आधी एक जाड पाकीट माझ्यापुढं ठेवलं.

मी विचारलं, हे कशाचं?

"तुम्हारे गुत्तेदार साब का. कल जित्ता छोड़ के गए, उसमें तुम्हारा हिस्सा. अभी तो सही भी नै करी तुमने, फिर भी दिए. देखो कैसे लोगां हैं."

धुरपता पोळी सोडून त्याच्याकडं बघायला लागली. "गुत्तेदार हरले म्हनून ह्यायला पैसे?"

"हौ भाबी."

"आन जितले असते तर?"

हबीबभाई हसले. म्हणाले, तो फिर कायका हिस्सा.

ती माझ्याकडं वळली. रागानं नाही. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. "अवो, मंग आता परभणीत बसून आपून काय म्हनायचं? रोज सकाळी टपरी उघडली की म्हनायचं, ह्यो हरू दे?"

मी पेन हातात घेतलं होतं. ते तसंच टेबलावर ठेवलं. मी काही साधू नव्हतो. माझ्या टपरीवरही बहुतेक लोक हरायचेच, त्यांचाच पैसा माझ्या चुलीला लागायचा, हे मला कोणी शिकवायची गरज नाही. पण कोणी हरावं म्हणून मला वाट बघत बसावं लागत नव्हतं. उलट जिंकलेल्या तिकिटाच्या मागं माझा शिक्का असायचा आणि मी तो लोकांना दाखवत फिरायचो. इथं शिक्का कशाच्या मागं मारणार होतो?

मी हबीबभाईंना सांगितलं, मला विमान नको. ते म्हणाले, सोच लो, लिंबाजी, बार बार नै आता ऐसा मौका. नागपूरच्या एका विक्रेत्यानं सही केली. पुढं त्यानं मोटार घेतली असं ऐकलं. पावसाळ्यात टपरी गळायची तेव्हा ती मोटार मला आठवायची, हेही सांगून टाकतो.

पाकीट धुरपतेनं उचललं होतं. गुत्तेदार बाहेर आला तेव्हा तिनं ते त्याच्यापुढं धरलं, तिकीट द्यायची तसंच, दोन बोटांत.

"हे कशाचं, बाई?"

"तुमचंच हाय. पर तुमचं न्हाई. आमच्या वस्तीतली मानसं पुलावर राबायलीत, त्यायचं हाय."

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग पाकिटाकडं. कुठून आलं ते त्याला कळलं असावं, कारण त्यानं विचारलं नाही. पाकीट घेतलं आणि सदऱ्याच्या आत घातलं.

मग आम्ही तिघं साध्या बसनं खाली उतरलो. सोबत कोंबड्या होत्या, एक शिवणयंत्र होतं, आणि डोंगरातली वळणं. सीमेच्या अलीकडं दुसरी गाडी बदलून लुंबिनीला आलो. तिथं तेव्हा फार काही नव्हतं. अशोकाचा खांब, एक तळं, पिंपळ, आणि लांबवर माळरान. आपल्या चुडाव्याकडचा माळ वाटावा असा. धुरपता खांबाला हात लावून उभी राहिली. मी म्हणालो, काय वाटतं? ती म्हणाली, "हितंबी काई येगळं वाटंना. बरंय की." तिचा चेहरा मात्र मी पुन्हा तसा पाहिला नाही.

ऊन कडक होतं. तिनं हापशावर तांब्या भरला, फिरकी काढून आधी गुत्तेदारापुढं धरला, तो वयानं मोठा म्हणून. गुत्तेदाराचे ओठ वाळले होते. काठमांडूत तो त्या हॉटेलात तिन्ही वेळा जेवला होता, कोणी शिजवलं हे एकदाही विचारलं नव्हतं. आदल्या दिवशी तिच्या हातचं पाकीट घेतलं होतं. त्यानं तांब्याकडं बघितलं, "असू द्या, बाई" म्हणाला, आणि हापशाकडं जाऊन एका हातानं दांडा मारत दुसऱ्या हाताच्या तळव्यानं प्यायला लागला. एका तळहातात पाणी किती राहणार. सगळा सदरा भिजला. धुरपतेनं तांब्या माझ्याकडं दिला. मी प्यायलो, ती प्यायली, आणि उरलेल्यावर तिनं फिरकी बसवली.

परभणीला आल्यावर गुत्तेदारानं मजुरांना पैसे वाटले. पुढच्या सोडतीला रांगेतही आला. नामांतराचे मोर्चे चालू राहिले, पुढं एकदाचा नामविस्तार झाला, वस्तीत पेढे वाटले. गुत्तेदारानं टपरीवर पेढा घेतला, तो मिठाईवाल्याच्या कागदात होता. नंतर तिकिटं गेली, कॉम्प्युटरची लॉटरी आली, टपरी मोडली. गुत्तेदाराशी भेट कमी झाली.

धुरपता गेल्यावर पाचव्या की सहाव्या दिवशी तो आला. आता काठी टेकत चालतो. पोखर्णीहून रिक्षानं आला होता, एकटा. वस्तीतल्या आमच्या घरात त्यानं पहिल्यांदाच पाय ठेवला. बाजेवर बसला. काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाला, "लिंबाजी, पानी दे."

घरात दुसरं कोणी नव्हतं. मी तोच फिरकीचा तांब्या भरून आणला. त्यानं ओळखला. दोन्ही हातांनी धरला आणि थांबला.

"त्या दिशी वहिनीनं ह्योच पुढं केल्ता. मी हापशाकडं गेलो. वहिनीच्या ध्यानात राहिलं आसंल का रं?"

मी म्हणालो, राहिलं होतं.

"काई म्हनली का?"

खोटं बोलायची मला सवय नाही आणि त्या दिवशी जोरही नव्हता. मी सांगितलं, परतीच्या गाडीत तुम्ही झोपला होता, तेव्हा म्हणाली होती.

"काय?"

"म्हनली, तांब्यावर येखादा नंबर चिकटवायला पाहिजे व्हता. मंग घेतला असता गुत्तेदारानं."

त्याला हसू आलं. हसता हसता तांब्यातलं पाणी धोतरावर सांडलं. मग त्यानं तोंडाला लावला आणि न थांबता सगळा संपवला. रिकामा तांब्या माझ्यापुढं धरून म्हणाला, आणखी एक दे.

मी म्हणालो, "एका सोडतीला एकच असतंय, माणिकराव."

आणि उठून भरून आणला.